गच्ची आधी सांगते
जयपूरची चारदीवारी, म्हणजे तटबंदीतलं जुनं शहर, १७२७ साली वसली, २०१९मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. तिथल्या जुन्या घरांचा जीव मात्र गच्चीत आहे. दगडी पट्ट्यांवर चुन्याचा कोबा, असं छत कोसळण्याआधी बहुधा इशारे देतं. खालून पाहा: सांध्यांत ओल, पांढरा लोणा, पोपडे. पट्टीलाच आडवी चीर असेल, तर त्या खोलीत झोपू नका. वर कोबा ठोकून बघा. बद्द आवाज आला, की थर सुटलाय. कठड्यातलं पिंपळाचं रोप दोन पानांचं असतानाच उपटावं. मूळ आत शिरलं, की ते दगड सरकवतं. चुन्यावर सिमेंट थापलं, तर ओल कोंडते. संक्रांतीला पतंगांसाठी सगळे गच्चीवर चढतातच. तेव्हा पायाखालीही बघा आणि पावसाळ्याआधी चुन्याचं काम जाणणारा गवंडी बोलवा.