पाणी ओसरले, हिशेब बुडाला : वडोदऱ्याच्या पुराचा लघुउद्योगांना धडा

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीने वडोदरा शहराला वेढा घातला. धोक्याची पातळी २५ फूट असताना पाणी ३५ फुटांच्याही वर गेले. सयाजीगंज, फतेहगंज, अकोटा, समा अशा भागांत तळमजले पाण्याखाली गेले. पाणी ओसरल्यावर भिजलेल्या मालाचा पंचनामा करता येतो. संगणकासोबत बुडालेल्या नोंदींचे मोल मात्र कोणत्या रकान्यात लिहावे, हे व्यावसायिकालाही सांगता येत नाही.

वडोदऱ्याची आपत्ती अनपेक्षित म्हणता येणार नाही. ३१ जुलै २०१९ रोजी याच शहरात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला होता. मकरपुरा, वाघोडिया येथील औद्योगिक वसाहतींत अभियांत्रिकी व विद्युत उपकरणांशी निगडित अनेक छोटे कारखाने आहेत. अशा उद्योगाची उधारी, आरेखने, चाचणी अहवाल आणि जीएसटीची बिले बहुधा एकाच संगणकात असतात. राखीव प्रत घेतली जाते, परंतु ती ठेवलेली हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात असते. पुराच्या पाण्याला मूळ आणि प्रत यांतला भेद कळत नाही.

संकट केवळ पाण्याच्या रूपाने येते असेही नाही. जून २०२२ मध्ये गोव्याच्या जलस्रोत खात्याच्या पूर-निरीक्षण यंत्रणेच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. फाइली कुलूपबंद करून आभासी चलनात खंडणी मागण्यात आली. पुराची पूर्वसूचना देणारी यंत्रणाच ऐन पावसाळ्यात अडचणीत सापडली. जुलै २०२४ मध्ये सी-एज या तंत्रसेवा कंपनीवरील अशाच हल्ल्यामुळे देशातील सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार विस्कळीत झाले. असा विषाणू संगणकाला कायम जोडून ठेवलेल्या हार्ड डिस्कलाही सोडत नाही.

कायद्याने ही जबाबदारी आधीच निश्चित केली आहे. केंद्रीय जीएसटी नियमावलीतील ५७ व्या नियमानुसार इलेक्ट्रॉनिक नोंदींची योग्य राखीव प्रत ठेवणे बंधनकारक आहे. अपघातात वा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्यास त्या वाजवी मुदतीत पुन्हा उभ्या करता आल्या पाहिजेत, असे हा नियम सांगतो. वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने नोंदी जपाव्या लागतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक हिशेब ठेवणाऱ्या कंपन्यांना त्यांची प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवावी लागते. म्हणजेच ‘पुरात सारे वाहून गेले’ हे कारण सांगून व्यावसायिकाची सुटका होईलच असे नाही.

उपाय अवघड नाही. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी, हे ‘३-२-१’ सूत्र जगभर मान्य आहे. दुसरे ठिकाण म्हणजे क्लाउड असू शकते किंवा उंचावरील घरातली, संगणकापासून अलग ठेवलेली डिस्क. मात्र क्लाउडवरील फोल्डर आपोआप जुळवून घेणारी सोय म्हणजे बॅकअप नव्हे. मूळ फाइल बिघडली की तिथली प्रतही बिघडते, म्हणून जुन्या आवृत्त्या जपणारी व्यवस्था हवी. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे परीक्षा. तीन महिन्यांतून एकदा राखीव प्रतीवरून हिशेब प्रत्यक्ष उघडून पाहिला नाही, तर ती प्रत केवळ समाधानापुरती उरते.

गोव्यातील उद्योजकांनी वडोदऱ्याकडे दूरचे शहर म्हणून पाहू नये. जुलै २०२१ मध्ये सत्तरी, डिचोलीने म्हादईचा पूर अनुभवला. जानेवारी २०२३ मध्ये पिळर्ण औद्योगिक वसाहतीतील रंगाच्या कारखान्याला भीषण आग लागली. लहान उद्योगाला स्वतंत्र तंत्रज्ञ परवडत नाही, हे खरे. पण एका वसाहतीतील वीस-पंचवीस उद्योगांनी मिळून एक तंत्रज्ञ नेमणे अशक्य नाही. उद्योग संघटनांनी पुढाकार घेतला आणि सरकारने अनुदानाच्या अटींत राखीव प्रतीच्या चाचणीचा समावेश केला, तर ही सवय रुजू शकेल. यंत्र नवे विकत घेता येते, विम्यातून मालाची भरपाईही मिळू शकते. परंतु कोणाकडून किती येणे आहे हेच जर विसरले गेले, तर ती रक्कम विम्यातून मिळेलच असे नाही. पावसाळ्यापूर्वी छपराची डागडुजी करणाऱ्या गोमंतकीयांनी त्याच आठवड्यात हिशेबाची एक प्रत दुसऱ्या छपराखाली हलवावी.