विश्लेषण : ई-सिगारेटची चव जळकट का लागते?

ई-सिगारेटमध्ये तंबाखू जळत नाही, मग जळकट चव कुठून? आतल्या कॉइलभोवती द्रवात भिजलेला कापूस असतो. द्रव संपला किंवा लागोपाठ झुरके घेतले, की कोरडा पडलेला हा कापूसच करपतो. कॉइल बदलली की चव सुधारते, पण प्रश्न केवळ चवीचा नाही. अति तापलेल्या द्रवातून अॅक्रोलिन, फॉर्माल्डिहाइड अशी घातक रसायने तयार होतात. २०१५ मध्ये अमेरिकी संशोधकांना फॉर्माल्डिहाइड सोडणारी संयुगे ३.३ व्होल्टला आढळली नाहीत, ५ व्होल्टला आढळली. इतका करपट झुरका कोण ओढेल, हा त्यावरचा आक्षेप. तो अगदीच गैरलागू नाही. भारतात मात्र तक्रार नेणार कुठे? २०१९च्या कायद्याने ई-सिगारेट विकणे हाच गुन्हा आहे. पहिल्या वेळी १ वर्षापर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.