सही असेल तेवढंच टिकतं

गोवंडीतल्या शिवाजीनगर-बैंगनवाडीच्या पोरांच्या मोबाइलवर जी बीजीएमआय ही गोळीबाराची गेम रंगते, ती दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनची. याच क्राफ्टनने 2025 मध्ये पुण्याची नॉटिलस मोबाइल, म्हणजे ‘रियल क्रिकेट’ बनवणारी कंपनी, ताब्यात घेतली. सौदा सुमारे 118 कोटी रुपयांचा. परदेशी भांडवल आलं याचा आनंद रास्तच; पण मालक बदलल्यावर जुन्या करारांचं काय, हा प्रश्न अशा वेळी मागेच राहतो. कायद्याचं उत्तर सरळ आहे: शेअर विकले तरी कंपनी तीच, म्हणून तिचे करारही तेच. मालकी बदलल्यास करार मोडण्याची मुभा देणारं कलम असेल तर गोष्ट वेगळी. मुदत संपली की मात्र नवा मालक मोकळा.

उदाहरण मायक्रोसॉफ्टचं. तिने 2021 मध्ये गेम बनवणाऱ्या बेथेस्डाची मालक कंपनी झेनिमॅक्स 750 कोटी डॉलरना घेतली. ‘डेथलूप’ हा गेम आधी प्लेस्टेशनला द्यायचा करार प्लेस्टेशनवाल्या सोनीशी झालेला होता, तो पाळला गेला. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या एक्सबॉक्सवाल्यांना वर्षभर ताटकळावं लागलं! बेथेस्डाच्याच ‘स्टारफील्ड’ या गेमवर असं बंधन नव्हतं. 2023 मध्ये तो आला, प्लेस्टेशनला वगळून. सौजन्य दोन्हीकडे सारखंच होतं, फरक फक्त सहीचा. मायक्रोसॉफ्टने ‘कॉल ऑफ ड्यूटी’वाली ॲक्टिव्हिजन 6,870 कोटी डॉलरना घ्यायला काढली आणि अमेरिका-ब्रिटनच्या नियामकांनी आडकाठी केली, तेव्हा सोनीला त्या गेमसाठी दहा वर्षांचा करार मिळाला.

नव्या मालकावर अशी दीर्घ मुदतीची बंधनं घातली तर छोट्या स्टुडिओंना गिऱ्हाईकच मिळणार नाही, असा आक्षेप येतो. पण निन्टेंडो आणि सोनी दोघांशी दहा-दहा वर्षांचे करार करूनही मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2023 मध्ये ॲक्टिव्हिजनची खरेदी पूर्ण केलीच. दुसरं म्हणणं, आपल्याकडे स्पर्धा आयोग आहे की! आहे, पण सप्टेंबर 2024 पासून लागू झालेली, जिच्यापुढे आयोगाची मंजुरी लागते ती सौद्याच्या किमतीची मर्यादा 2,000 कोटी रुपयांची आहे. 118 कोटींचा व्यवहार तिच्या आसपासही फिरकत नाही. म्हणजे आपल्याकडच्या लहान सौद्यांत संरक्षण उरतं ते कागदावर लिहून घेतलेलंच. मोठ्या कंपन्या ते वकील लावून लिहून घेतात. रिचार्जमधून पैसे वाचवून खेळातली बंदूक किंवा बॅट विकत घेणाऱ्या पोराच्या हाती मात्र कंपनीनेच लिहिलेल्या, वाचलीही न जाणाऱ्या अटी असतात. पैसे घेऊन दिलेली वस्तू मालक बदलला तरी किमान किती काळ चालेल, हे खरेदीच्या बटणाशेजारीच छापण्याची सक्ती केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने करावी.