आकडा वाढला, रोग वाढला का?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने कर्करोगावर लेख लिहावा याचे काहींना आश्चर्य वाटेल. हा विषय विज्ञान शाखेच्या मित्रांचा, असे म्हणून सोडून देता आला असता. परंतु मी मांडणार आहे तो प्रश्न वैद्यकशास्त्राइतकाच हिशेबाचा आहे, आणि हिशेब वाचायला तर आम्ही येथे शिकतो. म्हणून हे धाडस.

"अमुक रोगाचे रुग्ण दहा वर्षांत दुप्पट झाले" अशी बातमी आली की आपण लगेच कारणे सांगू लागतो. कोणी रासायनिक खतांना दोष देतो, कोणी मोबाइलला, कोणी बदललेल्या राहणीला. रोग खरोखर वाढला की तो शोधण्याची रीत बदलली, हे मात्र कोणी विचारत नाही. दक्षिण कोरियात थायरॉइडच्या कर्करोगाबाबत जे घडले, ते या दृष्टीने प्रत्येक सुशिक्षिताने समजून घेण्यासारखे आहे.

थायरॉइड, म्हणजे पाठ्यपुस्तकातील अवटू ग्रंथी, गळ्याच्या पुढच्या भागात असते. कोरियाच्या सरकारने १९९९ साली काही कर्करोगांसाठी राष्ट्रीय तपासणी योजना सुरू केली. थायरॉइड त्या यादीत नव्हता. परंतु तपासणीला आलेल्या माणसाला थोडे जादा पैसे भरून गळ्याची सोनोग्राफीही करून घेता येई. आलोच आहोत तर तेवढेही होऊन जाऊ दे, असे लोकांना वाटले. परिणाम असा झाला की २०११ साली या कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट झाले. त्या एका वर्षात चाळीस हजारांहून अधिक लोकांना कर्करोग असल्याचे सांगण्यात आले.

एवढाच रकाना वाचला तर भयंकर साथ आली असे म्हणावे लागेल. आता शेजारचा रकाना पाहा. या रोगाने मरण पावणाऱ्यांची संख्या वर्षाला तीनशे ते चारशे होती, आणि त्याआधीची दहा वर्षेही ती तेवढीच होती. शिवाय देशाच्या ज्या भागांत तपासण्या अधिक, त्याच भागांत कर्करोगही अधिक सापडत होता.

मग हे हजारो कर्करोग खोटे होते काय? नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ते कर्करोगच होते. परंतु अनेकांच्या गळ्यात असे बारीक कर्करोग असतात, आणि ते जन्मभर काहीही त्रास देत नाहीत. फिनलंडमध्ये १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, इतर कारणांनी मृत्यू पावलेल्या १०१ व्यक्तींच्या थायरॉइड ग्रंथी बारकाईने तपासल्या होत्या. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश ग्रंथींत असे सूक्ष्म कर्करोग आढळले. कोरियातील यंत्रांनी हाच जुना साठा वर काढला.

सापडला तर बिघडले काय, असे कोणी म्हणेल. बिघडते ते पुढे. कर्करोग हा शब्द एकदा कानावर पडला की स्वस्थ कोण बसतो? कोरियात निदान झालेल्या जवळजवळ सर्वांवर शस्त्रक्रिया झाली, आणि त्यांपैकी दोन तृतीयांश लोकांची संपूर्ण ग्रंथी काढण्यात आली. ग्रंथी गेली की रोजची गोळी जन्मभर मागे लागते. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी शेकडा ११ जणांच्या शरीरातील कॅल्शियम सांभाळणाऱ्या शेजारच्या ग्रंथींना इजा झाली, शेकडा दोघांची स्वरयंत्राची नस दुखावली. हा कर्करोग स्त्रियांत अधिक सापडतो. आपल्या समाजात पंचवीस वर्षांच्या मुलीच्या फाइलवर हा शब्द आला तर तिच्या लग्नाचे, नोकरीचे आणि घरच्या शिलकीचे काय होईल, हे वाचकांना सांगायला नको.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. मृत्यू वाढले नाहीत ते उपचारांमुळेच कशावरून नसतील? याचे उत्तर कोरियानेच दिले. मार्च २०१४ मध्ये तेथील आठ डॉक्टरांनी या अनावश्यक तपासणीविरुद्ध जाहीर निवेदन काढले. वर्तमानपत्रांनी विषय उचलला. वर्षभरात थायरॉइडच्या शस्त्रक्रिया सुमारे ३५ टक्क्यांनी घटल्या. शस्त्रक्रियांमुळेच लोक वाचत होते असे धरले, तर पुढील वर्षांत मृत्यू वाढायला हवे होते. ते वाढले नाहीत. जपानमध्ये कोबे येथील कुमा रुग्णालय तर १९९३ पासूनच एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठींवर कात्री न चालवता नुसते लक्ष ठेवण्याचा मार्ग रुग्णांपुढे ठेवत आले आहे. बहुतेक गाठी वाढत नाहीत, असा त्यांचा अनुभव आहे.

आणखी एका आकड्याची गंमत आमच्या वर्गमित्रांना चटकन कळेल. "या कर्करोगाचे जवळजवळ सर्व रुग्ण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात" हे वाक्य मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. समजा, बँकेने दहा कर्जे दिली आणि दोन बुडाली. बुडीत कर्ज शेकडा २० झाले. आता आणखी नव्वद अगदी सुरक्षित कर्जे वाटली, तर तेच प्रमाण शेकडा २ वर येते. पण बुडालेली कर्जे दोनच्या दोनच राहिली. निरुपद्रवी रुग्णांची भरती झाली की रोगाच्या ताळेबंदातही अशीच सुधारणा दिसते.

प्रत्येक वाढ अशी दिखाऊ असते, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. १९८६ साली चेर्नोबिल येथील अणुभट्टीचा स्फोट झाला. किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडले, गाईंच्या दुधात उतरले आणि लहान मुलांच्या थायरॉइडमध्ये साठले. पुढे त्या मुलांत हा कर्करोग खरोखरच वाढला. तेथे रोगाचे कारण ठाऊक होते आणि तो नेमका कोणाला व का झाला, हे दाखविता येत होते. तसेच गळ्याला गाठ हाताला लागत असेल किंवा आवाज बरेच दिवस बसलेला असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवे. थायरॉइडची नेहमीची रक्ततपासणीही वेगळी. ती ग्रंथीचे काम कसे चालले आहे ते पाहते. माझा आक्षेप आहे तो काहीच त्रास नसताना गळ्यात कर्करोग हुडकण्याला. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीनेही २०१७ साली अशा तपासणीविरुद्धच सल्ला दिला.

आता हा प्रश्न फार दूरचा राहिलेला नाही. भारतात कर्करोगाची पहिली नोंदणी १९६३ साली मुंबईत सुरू झाली. आज देशात अशा अनेक नोंदण्या आहेत, आणि तिरुवनंतपुरमच्या नोंदवहीत स्त्रियांमधील थायरॉइड कर्करोगाचे प्रमाण देशातील वरच्या आकड्यांत आहे. केरळातील डॉक्टरांनीही तेथे हाच प्रश्न उपस्थित केला आहे. आपल्या गावांतही मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत "संपूर्ण शरीर तपासणी"च्या सवलतींचे फलक लागलेले असतात. किंमत छापलेली असते. पण नसलेला रोग सापडला तर पुढे काय, ही बाजू कोणत्याच भाषेत छापलेली नसते.

मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी इंग्रजी रिपोर्ट वाचून दाखवण्याचे काम आपल्यावरच येते. आई-वडील आपल्या तोंडाकडे पाहत असतात. अशा वेळी घाबरून होकार भरण्याआधी डॉक्टरांना नम्रपणे दोन प्रश्न विचारावेत: ही गाठ वाढण्याचा धोका किती, आणि थोडे थांबून पाहिले तर चालेल का? आणि रोग वाढल्याची बातमी वाचाल तेव्हा, रुग्णांच्या आकड्याबरोबर मृत्यूंचा आकडा मागायला विसरू नका. जमेची बाजू पाहून कोणी खाते मिटवत नाही, एवढे तर आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवतात.

— द्वितीय वर्ष, बी. कॉम.