लक्षात राहिला तो लायक

श्रीराम राघवन यांचा ‘बदलापूर’ २०१५ साली आला. बायको-मुलगा गमावलेला रघू त्याचा नायक, पण लक्षात राहतो तो लायक. नवाजुद्दीन सिद्दीकीने रंगवलेला हा गुन्हेगार कॅन्सर घेऊन तुरुंगातून सुटतो आणि शेवटी रघूने केलेले खून स्वतःच्या अंगावर घेतो. नायक मात्र मोकळा! हा हिशेब आम्हाला अजून पचलेला नाही, म्हणूनच हा अंक व्यक्तिरेखांवर.

एक कुरकुर आहेच. पडद्यावरचं बदलापूर म्हणजे तोंड लपवायची जागा. याच गावात १९२७ साली, महाडच्या सत्याग्रहानंतर थोड्याच दिवसांत, डॉ. आंबेडकर शिवजयंती उत्सवाचे अध्यक्ष होते. त्यावर पटकथा कोण लिहितंय? शेजारच्या उल्हासनगर-अंबरनाथकरांनो, आपापल्या गावांबद्दल तुम्हीही लिहा. पुढच्या अंकात जागा ठेवली आहे.