नवं गाणं, जुनी शिवी

मैत्रिणींनो,

यावेळचं संपादकीय गाण्यांवर आहे. रेशनचा, पोटगीचा, अंगणवाडीचा प्रश्न बाजूला ठेवून हिला गाणी काय सुचताहेत, असं कुणाला वाटेल. मलाही दोन महिन्यांपूर्वी तसंच वाटलं असतं. पण बुधवार पेठेतल्या आमच्या अभ्यासवर्गात एक प्रसंग घडला, आणि तो काही मनातून जाईना.

संध्याकाळची वेळ होती. मुलांच्या आया त्या वेळेला कामावर असतात, म्हणून मुलं रात्री उशिरापर्यंत आमच्याकडेच थांबतात. अभ्यास आटोपल्यावर एका सोळा वर्षांच्या मुलाने मोबाइलवर रॅपचा एक नवा अल्बम लावला. त्या अल्बमचं मी वर्तमानपत्रात कौतुक वाचलं होतं. रोखठोक, व्यवस्थेला प्रश्न विचारणारा, असं काहीसं. मुलं ठेका धरून म्हणत होती. एका कडव्यात गाणारा आपल्या प्रतिस्पर्ध्याला नामोहरम करतो. कसा, तर त्याच्या आईचा 'धंदा' काढून आणि तिचा पत्ता सांगून. तो पत्ता म्हणजे आमचीच पेठ. दहावीत शिकणारी एक मुलगी वही मिटून उठली आणि निघून गेली. त्यानंतर चार दिवस ती वर्गाला आली नाही.

मी त्या मुलाला विचारलं, "अरे, हे तुझ्याच घराबद्दल आहे, कळतंय ना?" तो म्हणाला, "ताई, ते माझ्यावर नाहीये. तो दुसऱ्याला बोलतोय." त्याची आईही याच गल्लीत आहे. गाणं म्हणतानाची तीन मिनिटं तो शिवी खाणाऱ्यांतून उठून शिवी देणाऱ्यांत जाऊन बसतो. त्या वयात तेवढीच सुटका त्याला मिळते. हे लक्षात आल्यावर मला त्याच्यावर रागावता आलं नाही.

पुण्याबाहेरच्या मैत्रिणींसाठी थोडं सांगते. बुधवार पेठ म्हटलं की लोक डोळे मिचकावतात. कॉलेजातली मुलं एकमेकांना चिडवायला हे नाव वापरतात. पण याच पेठेतल्या भिडे वाड्यात १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. त्या शाळेत जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आलं आणि शिव्याही आल्या. त्यांनी शाळा चालू ठेवली आणि १८५४ मध्ये 'काव्यफुले' हा स्वतःचा कवितासंग्रह छापला. तो जुना वाडा राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. याच पेठेत तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार आहे. घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करणारी मुलं माइक, वायरी, स्पीकर घ्यायला तिथेच येतात. म्हणजे ज्या पेठेतून माइक न्यायचा, तिचंच नाव त्या माइकवर शिवी म्हणून घ्यायचं, असा हा प्रकार.

या नव्या संगीताला 'इंडी' किंवा पर्यायी संगीत म्हणतात. अर्थ साधा आहे. मोठ्या कंपनीच्या किंवा सिनेमाच्या आधाराशिवाय स्वतःचे शब्द, स्वतःची चाल, स्वतःच्या खर्चाने लोकांपुढे आणायची. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात बसून, गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या बायांना कुठे कंपनी होती? १९८३ मध्ये ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' रंगमंचावर आलं आणि त्यातली गाणी मोर्चांत, शिबिरांत पोचली. आपल्या संघटनांनीही कॅसेट काढल्या, हातोहात विकल्या. तेव्हा पर्यायी संगीत आपण आधीपासूनच करत होतो.

आजच्या पिढीतही चांगलं काम होतं आहे, ते आवर्जून सांगितलं पाहिजे. मुंबईच्या 'स्वदेसी' या गटाचा 'चेतावनी' अल्बम २०२० मध्ये आला. त्यांच्या 'द वारली रिव्होल्ट' या गाण्यात मराठी रॅपबरोबर आरे जंगलातले आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. ज्यांच्या जमिनीबद्दल बोलायचं त्यांनाच सोबत घेऊन गायचं, ही पद्धत मला मोलाची वाटते. महादेव कोळी समाजातली माही जी ही तरुणी जंगलाबद्दल, आदिवासींबद्दल, सफाई कामगारांबद्दल रॅप करते. 'वाइल्ड वाइल्ड विमेन' हा मुंबईतला फक्त मुलींचा गट अनेक भाषांत गातो. या सगळ्यांना आपल्या कार्यक्रमांत बोलवायला हवं. आपल्यापैकी किती जणींनी त्यांची नावं ऐकली आहेत? मीही या लेखाच्या निमित्तानेच नीट ऐकलं, हे कबूल करते.

मात्र हे मोजके अपवाद सोडले तर नव्या रॅपमध्ये बंडाची भाषा पुष्कळ आणि आई-बहिणीवरची शिवीही तितकीच. पोलीस वाईट, पुढारी भ्रष्ट, श्रीमंत माजलेले, हे सगळं सांगून झालं की समोरच्याला खाली पाडण्यासाठी पुन्हा त्याच्या घरातली बाईच बाजारात उभी केली जाते. या अल्बमांची परीक्षणं मी गेले काही आठवडे शोधून वाचली. ताल कसा आहे, शब्दांवर पकड किती, ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे का, परदेशी कलाकारांचा प्रभाव कुठे दिसतो, हे सगळं बारकाईने लिहिलेलं असतं. शिवीबद्दल एखादं वाक्य असलंच तर 'रस्त्यावरची अस्सल भाषा' असं. कुणाचा रस्ता? त्या रस्त्यावर उभ्या असलेल्या बाईला कुणी विचारलं आहे का?

यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. आमच्या वस्तीतल्या बायाही शिव्या देतात, भरपूर देतात. एम.एस.डब्ल्यू. करताना पहिल्यांदा इथे आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझे कान तापले होते. पण गिऱ्हाईक पैसे बुडवून पळत असताना बाई जी शिवी घालते, ती तिची काठी असते. तीच शिवी एखादा तरुण टाळ्या मिळवायला वापरतो तेव्हा ती तिच्याच पाठीत बसते. शब्द सारखे असले तरी ते कोण कुणाला म्हणतंय याने फरक पडतो. सांगलीत १९९६ मध्ये बायांनी एकत्र येऊन 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' स्थापन केली, तेव्हा जो शब्द त्यांना ऐकवला जायचा तोच त्यांनी उजळ माथ्याने पाटीवर लिहिला. तो त्यांचा अधिकार होता, कारण शब्दाची झळ त्यांनी सोसली होती.

रॅपच्या जन्मभूमीतही हे भांडण झालेलं आहे. अमेरिकेतली कृष्णवर्णीय गायिका क्वीन लतिफा हिने १९९३ मध्ये 'युनिटी' हे गाणं काढलं. रस्त्यात अंगचटीला येणारे पुरुष, घरातली मारहाण आणि बायकांना सर्रास शिवीने हाक मारणारे रॅपवाले, या सगळ्यांना तिने रॅपमधूनच उत्तर दिलं. १९९५ मध्ये त्या गाण्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तिने रॅप सोडलं नाही आणि शिवीही खपवून घेतली नाही.

मग अशा गाण्यांवर बंदी मागायची का? आमच्या बैठकीत दोघी-तिघींनी ती सूचना केली. माझं मत विरोधात पडलं. २००५ मध्ये आपल्या राज्यात डान्स बारवर बंदी आली. संस्कृती वाचल्याचा आनंद काहींनी मानला, हजारो बायांची रोजी मात्र गेली. ती बंदी न टिकल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यायला २०१३ उजाडलं. बंदीचं हत्यार सरकारच्या हाती दिलं की ते आधी गरिबाच्या, बाईच्या आणि सरकारला प्रश्न विचारणाऱ्याच्या मानेवर पडतं. उद्या आपलीच गाणी आक्षेपार्ह ठरली तर आपण काय म्हणणार?

मला वाटतं, आपण दुसरं काम करायला हवं, आणि त्यात थोडी आपली चूकही मान्य करायला हवी. आपल्या शिबिरांत आजही तीच वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची गाणी म्हटली जातात. मला ती प्रिय आहेत, पण वर्गातल्या मुली ती ऐकून जांभया देतात. त्यांना आपण नवं काही दिलं नाही आणि त्या जे ऐकतात ते आपण ऐकलं नाही. मोबाइलमध्ये कान घालून बसलेत, एवढीच आपली तक्रार. मधल्या मोकळ्या जागेत हे अल्बम आले.

पुढच्या आठवड्यात आम्ही मुलांना घेऊन बसलो आणि तोच अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. प्रत्येक गाण्यानंतर तीनच प्रश्न विचारले. कोण बोलतंय? राग कुणावर आहे? आणि तो राग शेवटी कुणाच्या अंगावर फुटतोय? पोलिसांच्या छाप्यावरचं एक गाणं मुलांना मनापासून आवडलं, मलाही आवडलं. ते कडवं आलं तेव्हा खोलीत शांतता झाली. तो मुलगा खाली बघत होता. मुलगी त्या दिवशी आली होती. ती एवढंच म्हणाली, "आवाज भारी आहे त्याचा. म्हणूनच जास्त लागतं." इतकं नेमकं परीक्षण मी कुठल्याही वर्तमानपत्रात वाचलेलं नाही.

म्हणून या अंकापासून आपण 'ऐकताना' हे एक पान सुरू करत आहोत. आपल्या गटातल्या मुली-मुलगे सध्या काय ऐकतात ते विचारा, त्यांच्यासोबत बसून ऐका आणि चार ओळी लिहून पाठवा. आवडलं असेल तर का, खटकलं असेल तर नेमकं कुठे. कुणी स्वतः गाणं रचलं असेल तर तेही कळवा. भाषा शुद्ध असली पाहिजे अशी अट नाही. आणि त्या गाणाऱ्या तरुणांपर्यंत ही पानं पोचवण्याची खटपट आपण करू. त्यातल्या एकाने जरी पुढचं कडवं लिहिताना क्षणभर हात थांबवला, तरी आमच्या वर्गातल्या त्या मुलीला वही मिटून उठावं लागणार नाही.

तुमच्या पत्रांची वाट पाहते.