तुरुंगात गर्दी कुणाची? गुन्हेगारांची की जामीनदार नसलेल्यांची?

‘कैदी सोडले तर गावात चोऱ्या वाढतील.’ तुरुंगातली गर्दी कमी करण्याची बातमी आली की पाटसच्या चहाच्या टपरीवर हेच ऐकू येतं. आपल्या मोहल्ल्यातही मत वेगळं नाही. आम्ही ते उडवून लावणार नाही. ज्याची विहिरीवरची मोटार रात्रीत गेली, त्याचा राग खरा आहे. पण सोडायचं कुणाला, हे आधी समजून घ्यायला हवं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत माणसं होती ५,७३,२२०. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. शिक्षा झालेला एकही कैदी आत नसता, तरी तुरुंग जवळपास भरलेच असते! पाटसपासून साठेक किलोमीटरवरच्या येरवडा कारागृहाची क्षमता अडीच हजारांच्या आत आहे आणि कैदी अनेक वर्षं त्याच्या दुपटीहून जास्त.

आता कायदा पाहू. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं की, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला जामिनावर सोडावं. साध्या चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षं, म्हणजे इथे हिशेब एका वर्षाचा. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही. एकाहून जास्त खटले असतील, तरीही नाही. कोर्टात अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंगाच्या अधीक्षकांवर आहे. २३ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने हे कलम जुन्या खटल्यांनाही लागू केलं. शिवाय जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. खटला चालतोच, तारखेला हजर राहावंच लागतं.

मग अडतं कुठे? पुष्कळदा जामीनदारापाशी. आमच्या हाताखाली शिकलेल्या एका मुलाला किरकोळ चोरीच्या आरोपात अटक झाली. जामीन लवकर मंजूर झाला, पण बाप हमाल, नावावर सातबारा नाही, ऐपतीचा दाखला आणायचा कुठून? नातेवाईकांकडे गेलं तर उत्तर एकच, ‘आम्हाला कोर्टाच्या भानगडीत ओढू नका.’ मुलगा आणखी तीन महिने आत राहिला. तेवढ्यात त्याचं काम गेलं, बहिणीचं ठरलेलं नातं मोडलं. कोर्टाने त्याला अजून दोषी ठरवलेलं नाही. शिक्षा मात्र घरादाराने भोगली.

हा प्रश्न आपल्या जास्तच जवळचा आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान साधारण साडेअकरा टक्के होते. त्याच सुमारास टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी अभ्यास केला, तेव्हा राज्याच्या तुरुंगांत दर तीन कैद्यांमागे किमान एक मुसलमान होता. भेदभावावर बोललंच पाहिजे. पण गरिबी, अर्धवट शाळा आणि वकील नसणं, हीही कारणं आहेत. आणि जामिनाला उभं न राहणं हा दोष तर आपला स्वतःचा आहे. हजरत यूसुफ यांचा किस्सा आपण मुलांना सांगतो. बेकसूर असून ते कैदेत होते आणि बाहेर गेलेला साथी त्यांची आठवण काढायला विसरला. आपण त्या विसरणाऱ्या साथीसारखे होऊ नये.

करता येण्यासारखं बरंच आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून गरिबाला मोफत वकील मिळतो. दौंडच्या कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करा. जामिनाची रक्कम भरता येत नसेल, तर केंद्र सरकारची २०२३ ची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे. तिच्यात कच्च्या कैद्यासाठी ४० हजार रुपयांपर्यंत तरतूद ठेवली गेली. जामीन मंजूर होऊनही महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर अट सैल करण्याचा विचार कोर्ट स्वतःहून करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं आहे. वकिलांना हे विचारा.

प्रत्येक जमातीत दोन-चार ऐपतदार माणसं आणि एक वकील एवढं जरी ठरलं, तरी पुष्कळ घरं वाचतील. गंभीर गुन्हेगाराची बाजू घ्या, असं आमचं म्हणणं नाही. गुन्हा सिद्ध झाला तर शिक्षा व्हावीच. पण फक्त जामीनदार नाही म्हणून कुणी आत राहत असेल, तर त्याला न्याय म्हणता येणार नाही. पुढच्या वेळी टपरीवर हा विषय निघाला, तर एवढं तरी आपण सांगू या.